पहिला आकडा खोडू नका, राजेहो

वाचक विचारतात

मागच्या अंकात सिमेंट रस्त्यांच्या वाढीव एस्टिमेटवर लिहिलं होतं आणि जाताजाता एक वाक्य टाकलं होतं, की रस्त्याचा खर्च वाढला तर निदान नगरसेवक तरी बोंबलतो, लढाऊ विमानाचा वाढला तर खासदाराला सुद्धा ते पेपरातून कळते, म्हणून मोठ्या शस्त्रखरेदीचा पहिला आणि आजचा आकडा दाखवणारा तक्ता दरवर्षी संसदेपुढे यावा. गंमत अशी की पत्रं आली ती रस्त्यांवर कमी आणि या वाक्यावर जास्त. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले. आधीच सांगून ठेवतो, मी जन्मभर ऑडिटमधे नोकरी केली पण ती पाटबंधारे आणि बांधकामाच्या फाइलींवर, डिफेन्सच्या फाइलीला माझा हात कधी लागला नाही, त्यामुळे खाली जे आहे ते सगळं कोणालाही बघता येईल अशा कागदांवरून आहे, आतली खबर वगैरे काही नाही.

वाडीहून एक निवृत्त कामगार काका लिहितात: "पेपरात दर दोन-तीन महिन्यांनी येते, एवढ्या हजार कोटीच्या शस्त्रखरेदीले मंजुरी. माह्या नातवाले वाटते उद्याच विमानं उतरतीन. मी फॅक्टरीत जिंदगी काढली म्हणून मले मालूम आहे तसं नसते, पण मंग हे मंजुरी म्हणजे हाये तरी काय?"

काका, ती मंजुरी म्हणजे "हो, याची गरज आहे" एवढंच. सरकारी भाषेत त्याला एओएन म्हणतात आणि संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची डीएसी नावाची परिषद ती देते. ३ जुलै २०२५ ला अशा १० प्रस्तावांना मिळून साधारण १.०५ लाख कोटींचा एओएन मिळाला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे "खरेदी" म्हणूनच छापून आलं. घरात बसून पोरीचं लग्न या वर्षी करायचं असं ठरावं, तसं आहे हे. अजून मुलगा बघायचा आहे, याद्या व्हायच्या आहेत, हॉलवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा आहे. एओएननंतर कंपन्यांकडून बोली मागवतात, टेक्निकल तपासणी होते, मग ट्रायल (वाळवंटातली वेगळी, बर्फातली वेगळी), मग किमतीची घासाघीस, रक्कम मोठी असली तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सीसीएस, म्हणजे मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती, आणि त्यानंतर कुठे सही. यात वर्षं जातात आणि काही प्रस्ताव वाटेतच गळतात. आता मुद्दा बघा, मंजुरीची प्रेस नोट वाजतगाजत निघते, गळल्याची निघत नाही. कोणी खासदाराने नेमका प्रश्न विचारला किंवा समितीने खोदून काढलं तर समजते, नाहीतर नाही. नातवाला सांगा की "मंजुरी" वाचली की तारीख वहीत लिहून ठेव आणि "करार झाला" अशी बातमी कधी येते ते बघ. वहीची पानं कमी पडणार नाहीत.

धरमपेठेतून लॉ करणारी एक विद्यार्थिनी: "सर, करारावर सही होण्याआधी तो संसदेपुढे येतो का? येत नसेल तर संसद नेमकं मंजूर काय करते?"

येत नाही. करार करणं सरकारचं काम, पैसा मंजूर करणं संसदेचं, अशी आपली वाटणी आहे. २०२५-२६ च्या बजेटमधे संरक्षणाला ६.८१ लाख कोटी होते, त्यातले कॅपिटलचे, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा वगैरेंचे, १.८० लाख कोटी. आता या १.८० मधे मागच्या दहा वर्षांत केलेल्या करारांचे हप्ते पण आले आणि यंदाच्या नव्या खरेदीचे पैसे पण आले, सगळी मिसळ. मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा व्हायची असते पण वेळ संपला की गिलोटिन लावतात, म्हणजे उरलेल्या सगळ्या मागण्या एका झटक्यात मताला. २०१८ ला आणि २०२३ ला तर लोकसभेत सगळ्याच मागण्या चर्चेशिवाय पास झाल्या, संरक्षण धरून. अगं, आमच्या सोसायटीची एजीएम लिफ्टच्या कोटेशनवर दोन तास चालते.

खरं काम होते ते समितीत. संरक्षणाची स्थायी समिती १९९३ पासून आहे, ३१ सदस्य, दोन्ही सभागृहांतले. मार्च २०१८ मधे याच समितीपुढे लष्कराच्या उपप्रमुखांनी सरळ सांगितलं होतं की आमची ६८ टक्के सामग्री जुनाट झाली आहे आणि अत्याधुनिक म्हणावी अशी फक्त ८ टक्के. समितीने ते रिपोर्टात छापलं, आभाळ कोसळलं नाही. पण समितीचा रिपोर्ट दरवर्षी बजेटच्या धामधुमीत येतो, आणि एकेका कराराचं पहिल्या दिवसापासून आजपर्यंत काय झालं अशी सलग गोष्ट त्यात मिळत नाही.

तू विचारलं नाहीस पण सांगतो, जर्मनीत २.५ कोटी युरोंच्या वरचा (आजच्या भावाने अंदाजे अडीचशे कोटी रुपये) प्रत्येक शस्त्रखरेदी करार सही व्हायच्या आधी संसदेच्या बजेट समितीपुढे जातो. आपल्याकडे उद्यापासून तसंच करा असं मी म्हणणार नाही, आपल्या खरेदीला आधीच एवढे थांबे आहेत की अजून एक स्टेशन वाढवायला माझीही छाती होणार नाही. माझं मागणं लहान आहे. सही झाल्यावर पुढे काय झालं ते दरवर्षी त्याच कागदावर, पहिल्या आकड्याखाली, लिहून द्या. एवढंच.

महालातून एक संतापलेलं पत्र, थोडं कापून: "तुम्ही लोकं ऑडिटवाले म्हणजे सगळ्यात खोट काढायची सवय. देशाच्या सुरक्षेच्या गोष्टी चव्हाट्यावर काहून आणायच्या? तुमचा तक्ता खासदाराआधी चीन आणि पाकिस्तान वाचतील."

भाऊ, तुमचं अर्ध बरोबर आहे आणि ते मी आधी कबूल करतो. जुलै २०१७ मधे कॅगचा, म्हणजे देशाच्या मुख्य ऑडिटरचा, रिपोर्ट आला, लष्कराच्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार असे की घनघोर लढाई झाली तर दहा दिवस सुद्धा पुरणार नाहीत. कोणता प्रकार किती दिवसांचा, हे उघड्यावर छापावं का? मला विचाराल तर नाही. पुलगावचा दारूगोळा डेपो आपल्या नागपूरपासून साधारण शंभर किलोमीटरवर, तिथल्या कोणत्या शेडमधे काय आहे हे मलाही माहीत असायचं कारण नाही. अशा गोष्टींसाठी बंद दाराआडची समिती असते, सीलबंद परिशिष्ट असते, जगभर करतात. पण नंतर झालं काय, की कॅगचे डिफेन्सचे रिपोर्ट वेबसाइटवर टाकणंच बंद झालं. संसदेत मांडतात, कागदाची प्रत मिळते, पण तुम्ही आम्ही घरी बसून उघडावं तर नाही. ताप आला म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवला.

आता उरलेलं अर्ध. किंमत आणि उशीर, यात गुपित किती असते? राफेलचं बघा. सप्टेंबर २०१६ मधे ३६ विमानांचा करार झाला आणि त्याच नोव्हेंबरमधे तेव्हाचे संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे, आपले धुळ्याचे तेव्हाचे खासदार, त्यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं की एका विमानाची किंमत अंदाजे ६७० कोटी, जोडीची सामग्री वगैरे सोडून. छापील उत्तर, रेकॉर्डवर. मग २०१८ मधे वाद पेटला आणि तीच किंमत एकदम गुप्त झाली. फेब्रुवारी २०१९ मधे कॅगचा रिपोर्ट मांडला गेला तर त्यात रकमेच्या जागी इंग्रजी अक्षरं. आधीच्या ऑफरपेक्षा सौदा २.८६ टक्के स्वस्त, हे छापलं आहे, पण २.८६ टक्के कशाचे ते नाही. मी नोकरीत ऑडिटचे किती पॅरे लिहिले असतील, साहेबांनी माझ्या तोंडावर फेकला असता असा पॅरा.

आणि मधे डिसेंबर २०१८ मधे जे झालं ते तर आमच्या खात्यातले लोक अजून एकमेकांना सांगतात. सुप्रीम कोर्टाच्या निकालात आलं की किंमत कॅगला दिली, कॅगचा रिपोर्ट लोकलेखा समितीने (कॅगचे रिपोर्ट तपासणारी संसदेची समिती) तपासला आणि त्याचा काही भाग संसदेपुढे आला. लोकलेखा समितीचे अध्यक्ष तेव्हा मल्लिकार्जुन खर्गे, ते म्हणाले, कोणता रिपोर्ट? आमच्याकडे तर आलाच नाही. आणि खरंच तोपर्यंत रिपोर्ट यायचाच होता. दुसऱ्या दिवशी सरकार अर्ज घेऊन कोर्टात, की आम्ही सीलबंद नोटमधे पद्धत काय असते ते सांगितलं होतं, "तपासते" असं, कोर्टाने ते "तपासला" असं वाचलं. मला इथे कोणाची बाजू घ्यायची नाही, विमान चांगलं आहे का वाईट ते वायुसेनेला माहीत. पण बघा, देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट, सरकारचे सगळ्यात मोठे वकील, आणि एक रिपोर्ट संसदेत आला का नाही आला हा साधा प्रश्न क्रियापदाच्या काळावर अडला. एक ठरलेला छापील फॉर्म असता, तारीख टाकायच्या रकान्यासकट, तर हे झालं असतं का?

चीनचं म्हणाल तर भाऊ, त्यांना आपल्या विमानाची संख्या उपग्रहातून दिसते. ते कितीला घेतलं, हे न कळणारा एकच माणूस उरतो, ज्याने पैसे दिले तो.

त्रिमूर्तीनगरातून एक अकाउंटंट: "अमेरिकेत हे कसं चालते? तिथे म्हणे खर्च वाढला की प्रोजेक्टच बंद करतात."

बंद करतात असं नाही हो, पण बंद करायची धमकी कायद्यात लिहून ठेवली आहे. गोष्ट मोठी आहे पण मजेदार आहे. १९६८ मधे पेंटॅगॉनमधलेच एक खर्च तपासनीस, अर्नेस्ट फिट्झजेराल्ड, यांना सिनेटर प्रॉक्समायर यांच्या कमिटीने बोलावलं, आणि त्यांनी सांगून टाकलं की सी-५ए नावाच्या मालवाहू विमानाचा खर्च साधारण दोन अब्ज डॉलरने वर जातो आहे. खरं बोलल्याचं बक्षीस काय, तर नोकरी गेली, पुढे वर्षानुवर्षं भांडून परत मिळवली. त्याच सुमारास तिथे मोठ्या खरेदीचा ठराविक नमुन्यातला रिपोर्ट सुरू झाला, एसएआर, आणि १९७५ मधे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो कायद्यानेच बंधनकारक केला. एका शस्त्राचं मूळ एस्टिमेट, आजचं एस्टिमेट, किती नग ठरले होते, किती राहिले, एका नगाला किती पडतात.

मग १९८२ मधे नन आणि मॅकर्डी या तिथल्या दोन खासदारांची दुरुस्ती आली. एका नगाची किंमत १५ टक्क्यांनी वाढली की काँग्रेसला कळवा, २५ टक्क्यांनी वाढली की संरक्षणमंत्र्याने लेखी द्यायचं की हे शस्त्र गरजेचंच आहे, याहून स्वस्त पर्याय नाही, नाहीतर प्रोजेक्ट बंद. छान वाटते ना? पण आपण हिशोबातली माणसं, पळवाट आपल्याला लगेच दिसते. वाढ मोजायची कशावर? चालू एस्टिमेटवर. मग काय, खर्च वाढू लागला की एस्टिमेटच नवीन करून घ्यायचं, टक्केवारी परत शून्य! हे वीसेक वर्षं चाललं. २००६ मधे त्यांना अक्कल आली आणि कायद्यात टाकलं की वाढ मूळ, अगदी पहिल्या एस्टिमेटवर पण मोजायची, ३० टक्के आणि ५० टक्के अशा वेगळ्या रेषा.

याचा उपयोग होतो का? २०२४ मधे त्यांच्या सेंटिनेल क्षेपणास्त्राचा खर्च आधीच्या अंदाजावर ८१ टक्के वाढून १४०.९ अब्ज डॉलरवर गेला, रेषा ओलांडली, तपासणी झाली, आणि जुलैमधे पेंटॅगॉनने लिहून दिलं की तरीही पाहिजेच. म्हणजे बंद काही झाला नाही. पण वाढ किती झाली आणि का झाली हे कोणाला शोधायला लागलं नाही, सरकारला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं. फरक तेवढाच आहे आणि मला तो पुरेसा वाटतो.

इथे आपल्या गोसीखुर्द धरणाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९८३ मधे मूळ मान्यता ३७२ कोटींची, पुढे सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, घेत घेत १८ हजार कोटींच्या वर. धरणाबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण ३७२ हा आकडा विदर्भातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारा, सांगतील. का? कारण प्रत्येक सुप्रमाच्या कागदावर मूळ रक्कम लिहावीच लागते, ती पुसता येत नाही. योगायोग बघा, त्याच १९८३ मधे देशी तेजस लढाऊ विमानाला ५६० कोटींची मान्यता मिळाली होती. तुम्ही अकाउंटंट आहात, हा ५६० तुम्ही याआधी ऐकला होता का? तिथपासून आजपर्यंतची सलग जंत्री कोणत्या खासदाराच्या टेबलावर आहे?

सक्करदऱ्यातून: "हिवाळी अधिवेशनात आमदारांनी हा विषय का उचलू नये?"

कारण संरक्षण केंद्राचा विषय आहे, विधानसभेत कोणी उचलला तर अध्यक्ष खाली बसवतील. अधिवेशनात त्यांनी आपले रस्ते आणि संत्री बघावीत, तेवढं पुष्कळ आहे.

हिंगणा रोडवरून, वडील अंबाझरीच्या आयुधनिर्माणीत होते असं लिहिणारी एक ताई: "आता फॅक्टऱ्यांच्या कंपन्या झाल्या आणि नागपुरात खाजगी दारूगोळा पण बनतो. मग हिशोब कोणाला देतात?"

ताई, १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, भंडारा आणि चांदा म्युनिशन्स इंडियाकडे गेले. या सरकारी कंपन्या असल्यामुळे कॅगचा हात त्यांच्यापर्यंत पोचतो. खाजगी कंपनीच्या वह्या कॅग सहसा तपासत नाही, पण मंत्रालयाने तिच्याकडून काय घेतलं, कितीला घेतलं, वेळेवर घेतलं का, ते तपासू शकतो. म्हणून मी म्हणतो की रिपोर्ट कंपनीचा नको, खरेदीचा हवा. माल अंबाझरीचा असो, खाजगी असो नाहीतर फ्रान्सचा, फॉर्म तोच.

प्रतापनगरातून एक जुने सहकारी, चिमटा काढत: "फॉर्म फॉर्म करताय, तर एकदा करून दाखवा."

दाखवतो. पण आधी एक जुनी गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीला एका कार्यालयात (नाव नको, जिल्हा पण नको) एका बंधाऱ्याचं रजिस्टर तपासत होतो. एस्टिमेटच्या रकान्यावर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, वर नवीन रक्कम सुबक अक्षरात. खिडकीशी उजेडाला धरलं तर खाली काहीतरी आहे एवढं दिसे, वाचता येईना. डिंक झुरळांनी एका कोपऱ्यातून खाल्ला होता, नखाने हळूच उचललं तर खालचा आकडा वरच्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तिथल्या बाबूला विचारलं हे काय. तो बिचारा अगदी मनापासून म्हणाला, साहेब, जुना आकडा आता लागू नाही ना, उगाच गोंधळ नको म्हणून. चोरी नव्हती हो त्यात. त्याला खरंच वाटत होतं की तो नीटनेटकेपणा आहे. दिल्लीतही बहुतेक वेळा हेच होत असावं असा माझा अंदाज आहे.

तर फॉर्म. ऑस्ट्रेलियात त्यांचा ऑडिटर २००७-०८ पासून दरवर्षी मोठ्या संरक्षण प्रोजेक्टांचा रिपोर्ट काढतो, प्रत्येकाची माहिती एकाच साच्यात, आकडे खात्याचे आणि तपासणी ऑडिटरची. (तिथेही सगळं गोड नाही, २०१८ मधे एका चिलखती गाडीच्या खरेदीवरच्या ऑडिट रिपोर्टचा काही भाग सरकारने सुरक्षेचं कारण देऊन झाकला होता.) मी आपल्यासाठी एका पानात बसवतो. वर नाव. खाली डावीकडे पहिल्या मान्यतेची तारीख आणि रक्कम, आणि हा रकाना एकदा छापला की कायमचा, कोणत्याही सरकारला हात लावता येणार नाही. मग करार, रक्कम, नग, पहिला नग कधी मिळायचा होता, शेवटचा कधी. त्याच्या बाजूला आजची स्थिती. आणि खाली मोकळ्या चार ओळी, उशीर का झाला, ते पण "प्रशासकीय कारणास्तव" असं लिहायला बंदी.

आयएनएस विक्रमादित्य ही विमानवाहू नौका फॉर्मात भरून बघा. करार जानेवारी २००४, ९७.४ कोटी डॉलर, मिळायची २००८ मधे. २०१० मधे नवा भाव, २.३ अब्ज डॉलरच्या वर. नौदलात आली नोव्हेंबर २०१३. तीन ओळीत सगळं आलं, कुठलं गुपित फुटलं? तेजस एमके-१ए, म्हणजे तेजसची सुधारित आवृत्ती, भरा. करार फेब्रुवारी २०२१, ८३ विमानं, सुमारे ४८ हजार कोटी, डिलिव्हरी मार्च २०२४ पासून. ती तारीख टळली, अमेरिकेतून इंजिनं उशिरा आली हे एक मोठं कारण, नाशिकला बनलेलं पहिलं विमान उडालं ते ऑक्टोबर २०२५ मधे. मे २०२५ मधे वायुसेनाप्रमुख ए. पी. सिंग उद्योगपतींच्या कार्यक्रमात उघडपणे म्हणाले की वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रोजेक्ट त्यांना आठवत नाही. उद्योगपतींना हॉलमधे जे सांगता येते ते खासदारांना कागदावर का नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि शेवटचं, मानेवाड्यातून: "आम्ही साध्या माणसांनी काय करावं? खासदाराला पत्र लिहून काही होते का?"

होऊ शकते, पण पत्र नीट लिहा. "भ्रष्टाचार थांबवा" असं लिहिलं तर ते टोपलीत जाईल. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, सोडतीने, आणि नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. तुम्हाला अतारांकितच पुरे, त्याचं लेखी उत्तर मिळते. किंमत विचारू नका, ती गुप्त आहे म्हणून सुटका करून घेतील. एकाच शस्त्राचं नाव घ्या आणि विचारा की मूळ करारानुसार पहिला आणि शेवटचा नग मिळायची तारीख काय होती, आज ती काय आहे, आणि मधल्या काळात तारीख किती वेळा बदलली. उत्तर आलं की त्याची एक प्रत मला पाठवा, पुढच्या वर्षी तोच प्रश्न परत विचारायला लावू आणि दोन्ही उत्तरं इथे शेजारी शेजारी छापू.